चिलटांची जात आणि डीएनए बारकोड : वाचकांचे प्रश्न

मागील अंकात तलावाच्या गाळातील लाल अळ्यांविषयी लिहिताना, त्यांची जात ठरवण्यासाठी आता डीएनए बारकोडिंगचा, म्हणजे डीएनएचा एक ठरावीक तुकडा वाचून जात ओळखण्याच्या पद्धतीचा, आधार घेतला जातो, असा ओझरता उल्लेख आला होता. त्या एका वाक्यावर बरीच पत्रे आली. त्यांपैकी निवडक प्रश्नांना या वेळी उत्तरे देत आहोत. ‘प्रजाती’ म्हणजे जवळच्या जातींचा गट आणि ‘कुळ’ म्हणजे अशा अनेक प्रजातींचा मोठा गट, या पाठ्यपुस्तकातील अर्थानेच हे शब्द येथे वापरले आहेत.

प्रश्न : आमचे घर पुण्यात पाषाण तलावाजवळ आहे. काही संध्याकाळी दिव्यांभोवती डासांसारख्या कीटकांचे थवे जमतात. ते चावत नाहीत, तरी सोसायटीतील लोक डास समजून धूरफवारणीचा आग्रह धरतात. हे कीटक कोणते, आणि ते ओळखायला साधा सूक्ष्मदर्शक का पुरू नये? (एक वाचक भगिनी, पुणे)

आपण केलेल्या वर्णनावरून हे कायरोनोमिडी कुळातील कीटक असावेत. त्यांना न चावणारी चिलटे म्हणता येईल. केळ्यांवर घोंघावणाऱ्या चिलटांशी त्यांचा संबंध नाही. डासाला असते तशी लांब, टोचणारी सोंड यांना नसते आणि पंखांवर खवलेही नसतात. भिंतीवर बसलेला कीटक जवळून पाहिला तर आणखी एक खूण सापडते. डास बसताना बहुधा मागचे पाय वर उचलतो, तर हे चिलट पुढचे लांब पाय उचलून धरते. प्रौढ चिलटांचे आयुष्य काही दिवसांचेच असते. त्यांचे खरे जीवन पाण्याखाली, गाळात, अळीच्या रूपात जाते, त्यामुळे हवेत धूर सोडून त्यांची संख्या फारशी घटत नाही.

कुळ ओळखणे असे सोपे आहे. अडचण जातीपाशी येते. या कुळात जगभर सहा हजारांहून अधिक जातींचे वर्णन झालेले असून वर्णन न झालेल्या जातीही मोठ्या संख्येने आहेत. त्यांतील बहुसंख्य जाती नराच्या उदराच्या टोकाशी असलेल्या जननांगांच्या रचनेवरून वेगळ्या केल्या आहेत. ती रचना पाहण्यासाठी नराच्या उदराचे टोक कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात ठेवून आतील मऊ भाग विरघळवावा लागतो, उरलेले पारदर्शक कवच काचपट्टीवर योग्य बाजू वर येईल असे बसवावे लागते आणि मग मोठ्या विवर्धनाखाली चिमट्यासारख्या उपांगांची वळणे, त्यांवरील रोमांची संख्या व जागा तपासावी लागते. काचपट्टी थोडी तिरपी बसली, तरी दोन जवळच्या जातींतील फरक दिसेनासा होतो. एवढे करूनही ओळख पटते ती प्रामुख्याने नराची. मादी, अळी आणि कोष यांच्यासाठी अशी खात्रीची लक्षणे अनेक जातींत उपलब्धच नाहीत, आणि नदीच्या किंवा तलावाच्या पाहणीत हाती येतात त्या मुख्यतः अळ्या. सूक्ष्मदर्शक पुरत नाही तो नेमका येथे.

प्रश्न : मी प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकतो. बारकोडिंगची प्रत्यक्ष कृती समजावून सांगावी. चिलटासारख्या नाजूक कीटकाचा डीएनए काढताना कीटक नष्ट होतो का? (एक विद्यार्थी, कोल्हापूर)

ही कल्पना ज्या रूपात आज वापरली जाते ते रूप तिला कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाचे पॉल हेबर्ट आणि त्यांचे सहकारी यांनी २००३ मध्ये दिले. प्राण्यांच्या पेशींतील तंतुकणिकांना (मायटोकॉन्ड्रियांना) स्वतःचा छोटा डीएनए असतो. त्यातील सायटोक्रोम ऑक्सिडेज १, म्हणजेच सीओआय, या जनुकाचा ६५८ बेसजोड्यांचा (डीएनएच्या साखळीतील दुव्यांचा) ठरावीक तुकडा वाचायचा आणि त्यावरून जात ओळखायची, असा त्यांचा प्रस्ताव होता. हाच तुकडा सोयीचा ठरला त्याला कारणे आहेत. प्रत्येक पेशीत तंतुकणिका पुष्कळ असल्याने त्यांच्या डीएनएच्या प्रतीही पुष्कळ मिळतात, आणि इवल्याशा पायातूनही काम भागते. या तुकड्याच्या दोन्ही टोकांना चिकटणारे, बहुतेक अपृष्ठवंशी प्राण्यांत चालणारे प्रायमर, म्हणजे प्रती काढण्याची सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे, १९९४ पासूनच उपलब्ध होते. शिवाय हे जनुक इतपत वेगाने बदलते की जवळच्या जातींतही सहसा फरक साचलेला असतो, पण एका जातीतील सदस्यांत तो सहसा कमी राहतो.

कृतीची सुरुवात प्रयोगशाळेत होत नाही, ती तलावाच्या काठावर होते. नमुना पकडल्याबरोबर ९५ टक्के किंवा त्याहून तीव्र इथेनॉलमध्ये टाकावा आणि शक्य तितक्या लवकर थंड जागी ठेवावा. फॉर्मेलिनमध्ये ठेवलेल्या नमुन्यातून डीएनए मिळवणे फार कठीण जाते. आपल्या महाविद्यालयांतील जुने संग्रह बहुधा फॉर्मेलिनमध्येच असल्याने या कामासाठी त्यांचा उपयोग जवळजवळ होत नाही, याची फार हळहळ वाटते. बाटलीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी हवी : ठिकाण, तारीख, पाण्याचा प्रकार, गोळा करणाऱ्याचे नाव.

आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. कीटक नष्ट होत नाही, आणि होऊ देऊही नये. प्रौढ चिलटाचे एक-दोन पाय किंवा छातीचा भाग डीएनएसाठी घेतात आणि पंख, डोके, शृंगिका व उदर काचपट्टीवर कायम बसवतात. दुसऱ्या पद्धतीत अख्खे शरीर पेशी विरघळवणाऱ्या विकराच्या द्रावणात ठेवतात. डीएनए द्रावणात उतरतो आणि कायटिनचे स्वच्छ कवच हाती राहते, जे पुढे कॉस्टिक पोटॅशविनाही काचपट्टीवर चढवता येते. अळीच्या बाबतीत डोके वेगळे काढून ठेवतात, कारण हनुवटीवरच्या दातांची रांग हे तिचे मुख्य लक्षण होय, आणि डीएनए शरीराच्या मधल्या भागातून घेतात. अळीच्या आतड्यात तिने खाल्लेल्या शैवालांचा व इतर सूक्ष्म जीवांचाही डीएनए असतो, म्हणून आतडे टाळता आले तर टाळावे. पुढे पीसीआरने त्या तुकड्याच्या असंख्य प्रती करायच्या, त्या वाचायच्या आणि मिळालेला बेसजोड्यांचा क्रम ‘बोल्ड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, ग्वेल्फमधूनच चालणाऱ्या संदर्भकोशाशी ताडून पाहायचा.

क्रम हाती आला की लगेच जुळणी करू नये. सीओआय हे प्रथिन बनवणारे जनुक असल्याने त्याचे अमिनो आम्लांत रूपांतर करून पाहावे, आणि ते करताना कीटकांच्या तंतुकणिकांचा संकेतकोश निवडावा. मध्येच थांबण्याचा संकेत आला, तर वाचनात चूक तरी आहे किंवा केंद्रकातील गुणसूत्रांत शिरून निकामी झालेली या जनुकाची प्रत आपण वाचली आहे. ही तपासणी पाच मिनिटांची असते आणि ती न केल्यामुळे चुकीचे क्रम संदर्भकोशात जाऊन बसतात.

प्रश्न : मी मत्स्यालयाचा छंद जोपासतो. दुकानात मिळणारे गोठवलेले ‘ब्लडवर्म’ या चिलटांच्याच अळ्या असतात का, आणि पाकिटातील जात बारकोडने कळेल का? (एक वाचक, ठाणे)

होय, त्या बहुधा कायरोनोमस प्रजातीच्या किंवा तिच्या जवळच्या प्रजातींच्या अळ्या असतात. गाळात ऑक्सिजन कमी असतो आणि तेथे तग धरण्यासाठी त्यांच्या शरीरद्रवात हिमोग्लोबिन असते, म्हणून त्या लाल दिसतात. गोठवलेल्या अळ्यांचा डीएनए सहसा वाचता येतो. मात्र एका पाकिटात अनेक जातींची सरमिसळ असू शकते, त्यामुळे एकाच अळीवरून पाकिटाचा निकाल लावू नये. आरोग्याच्या दृष्टीने एक सूचना : हेच हिमोग्लोबिन काही माणसांत ॲलर्जी निर्माण करते. सुदानमध्ये नाईलकाठी क्लॅडोटॅनिटार्सस लेविसी या जातीचे थवे दम्याशी जोडले गेले आहेत. कोरड्या अळ्यांची भुकटी हाताळताना नाक-तोंड झाकावे आणि नंतर हात धुवावेत.

प्रश्न : दोन क्रमांत दोन टक्क्यांहून अधिक फरक असेल तर जाती वेगळ्या, असा नियम वाचला. हा नियम चिलटांना लागू पडतो का? (एक निवृत्त शिक्षक, सांगली)

तो नियम नव्हे, अंदाज आहे. आणि चिलटांच्या बाबतीत तो सरसकट लावला तर फसगत होते. याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण टॅनिटार्सस या प्रजातीचे आहे. जगभरात तिच्या चारशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांतील काही एकमेकींपासून ओळखणे अनुभवी तज्ज्ञांनाही जड जाते. नॉर्वेतील ट्रॉनहाइम येथील विद्यापीठ संग्रहालयाच्या गटाने २०१५ मध्ये या प्रजातीचे २,७९० बारकोड एकत्र तपासले. आधी शरीररचनेवरून ओळखलेल्या जातींपैकी ९४.६ टक्के जाती बारकोडने निःसंदिग्धपणे वेगळ्या पडल्या, ही फार चांगली बातमी होती. पण सीमारेषा कोठे आखावी याचे उत्तर दोन टक्के आले नाही. या प्रजातीसाठी चार ते पाच टक्के योग्य, असे त्यांनी सुचवले. दोन टक्क्यांची फूटपट्टी लावली असती, तर एकाच जातीचे दूरदूरच्या प्रदेशांतील समूह वेगवेगळ्या जाती म्हणून मोजले गेले असते आणि जातींची संख्या फुगली असती. त्याच माहितीवर गट पाडण्याच्या निरनिराळ्या संगणकीय पद्धती चालवल्या, तेव्हा गटांची संख्या १२० पासून २४२ पर्यंत बदलली. पद्धत बदलली की उत्तर दुप्पट होते, हे ध्यानात घेतले तर संगणकाने पाडलेल्या गटाला डोळे मिटून ‘जात’ म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

उलट बाजूची अडचणही आहे. तंतुकणिकांचा डीएनए केवळ आईकडून येतो. दोन जवळच्या जातींत पूर्वी कधी संकर झाला असेल, तर एका जातीच्या तंतुकणिका दुसरीत शिरतात आणि पुढे तेथेच वाढत राहतात. कायरोनोमस टेन्टान्स आणि कायरोनोमस पॅलिडिविटॅटस या दोन जातींत असा प्रवाह झाल्याचा पुरावा २००२ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. अशा वेळी बारकोड सारखा, पण जाती दोन, अशी स्थिती येते. निकाल देण्यासाठी केंद्रकातील जनुकांकडे किंवा गुणसूत्रांकडे जावे लागते. कायरोनोमसच्या अळ्यांत ती सोयही आहे. त्यांच्या लाळग्रंथींतील गुणसूत्रे इतकी जाड असतात की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली त्यांवरचे आडवे पट्टे दिसतात. बाल्बियानी यांनी १८८१ मध्ये ती पाहिली ती याच अळ्यांत. पट्ट्यांच्या क्रमावरून जाती वेगळ्या करण्याची परंपरा डीएनए वाचनाच्या कितीतरी आधीपासूनची आहे. माझ्या मते बारकोडच्या उत्साहात ती अडगळीत टाकणे हे मोठे नुकसान ठरेल.

याच अळ्यांत बारकोडने चोख काम केल्याचेही उदाहरण आहे. कायरोनोमस रिपॅरियस ही गाळातील विषारी द्रव्यांच्या चाचणीसाठी जगभर वापरली जाणारी जात होय. तिची भगिनीजात कायरोनोमस पिगर ही दिसायला इतकी सारखी आहे की अळ्या पाहून फरक सांगता येत नाही. जर्मनीतील ओढ्यांत दोघी एकत्र राहतात, पण त्यांच्या पर्यावरणविषयक गरजा वेगळ्या आहेत, हे डीएनएवरून ओळख पटवल्यामुळेच २००८ मध्ये दाखवता आले. एकीवर केलेल्या चाचणीचा निष्कर्ष नकळत दुसरीला लावला गेला तर काय होईल, याचा विचार चाचणी करणाऱ्याने जरूर करावा.

प्रश्न : मी पाणीपुरवठ्याच्या क्षेत्रात काम केले आहे. तलावांच्या व्यवस्थापनासाठी या तंत्राचा व्यवहारात काही उपयोग झाल्याचे दाखले आहेत का? (एक वाचक, नाशिक)

आहेत, आणि आपल्यासारख्याच उष्ण हवामानातील आहेत. सिंगापूरमध्ये जलाशयांलगतच्या वस्त्यांत चिलटांच्या थव्यांनी रहिवासी हैराण झाले होते. तपासात असे आढळले की बेडोक जलाशयावर उपद्रव करणारी प्रमुख जात पॉलिपेडिलम न्यूबिफर आहे, तर पांडान जलाशयावर टॅनिटार्सस ऑसिलान्स. एकाच शहरात तक्रार एकच, पण कीटक दोन निराळ्या प्रजातींतील. त्यांच्या अळ्या कोठे व कशा वाढतात हे वेगवेगळे अभ्यासावे लागते, म्हणून उपाययोजनाही जात कळल्याशिवाय आखता येत नाही. उडणाऱ्या प्रौढाची ओळख पटली आणि गाळातील अळीचा बारकोड त्याच्याशी जुळला, की उपद्रवाचे मूळ गाळाच्या कोणत्या पट्ट्यात आहे ते शोधता येते. पूर्वी यासाठी प्रत्येक अळी प्रयोगशाळेत वाढवून तिचा प्रौढ होण्याची वाट पाहावी लागे.

त्याच शहरातील नी सून या दलदलीच्या जंगलाचा अभ्यास मला याहूनही मोलाचा वाटतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात चौदा हजारांहून अधिक चिलटांचे बारकोड स्वस्तातील नव्या वाचनपद्धतीने काढले गेले आणि त्या छोट्याशा उरल्यासुरल्या जंगलात २८९ जाती असल्याचा अंदाज निघाला. जंगलाच्या शेजारीच मोठे जलाशय असूनही जलाशयांतील जाती तेथे फारशा शिरलेल्या नव्हत्या. चौदा हजार चिलटे काचपट्ट्यांवर चढवून तपासायची म्हटले असते, तर एका तज्ज्ञाची कित्येक वर्षे त्यात गेली असती आणि मुळात ते काम कोणी हाती घेतलेच नसते. जंगल राखण्याच्या बाजूने इतका भरभक्कम पुरावा इतक्या बारीक कीटकांकडून मिळू शकतो, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

गाळाचा किंवा पाण्याचा एकत्रित नमुना घेऊन त्यातील सर्व जीवांचे बारकोड एकदम वाचण्याची पद्धतही आता रुळली आहे. तिच्यातून कोणत्या जाती आहेत याची यादी मिळते. प्रत्येकीची संख्या किती, हे मात्र विश्वासाने सांगता येत नाही, कारण मोठ्या अळीतून अधिक डीएनए येतो आणि प्रायमर सर्व जातींना सारखेच चिकटत नाहीत. पाहणीचा उद्देश संख्या हा असेल, तर मोजणी हातानेच करावी.

प्रश्न : आमच्या निसर्गमंडळाने स्थानिक तळ्यातील चिलटांचे बारकोड करून घ्यायचे ठरवले आहे. नावे मिळतील ना? (निसर्गमंडळाचे एक कार्यकर्ते, रत्नागिरी)

आपल्या उत्साहाचे मनापासून स्वागत आहे, म्हणूनच स्पष्ट लिहितो : बऱ्याच नमुन्यांना नाव मिळणार नाही. बारकोड स्वतः नाव सांगत नाही. नाव सांगतो तो संदर्भकोशातील नमुना, आणि त्या नमुन्याला नाव दिलेले असते ते शरीररचना जाणणाऱ्या तज्ज्ञाने. मोबाइलवर नंबर दिसतो, पण तो कोणी जतन केलेला नसेल तर फोन कोणाचा ते कळत नाही, तसे येथे होते. वर उल्लेखिलेल्या ट्रॉनहाइमच्या गटाने २००७ मध्येच दाखवून दिले होते की त्या जातीचा नमुना संदर्भकोशात नसेल, तर जवळात जवळच्या जुळणीवरून तिची प्रजातीसुद्धा खात्रीने ठरवता येत नाही. म्हणून ‘८८ टक्के जुळणी’ असा निकाल आला आणि त्यापुढे एखाद्या युरोपीय जातीचे नाव दिसले, तर ते नाव कृपया आपल्या यादीत लिहू नये. संदर्भकोशात त्या क्रमाला मिळालेला गटाचा क्रमांक लिहावा आणि नावाची जागा मोकळी ठेवावी.

भारतीय चिलटांच्या बाबतीत ही उणीव खोल आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमने गोळा केलेल्या नमुन्यांवरून फ्रेंच धर्मोपदेशक किफर यांनी पुष्कळ जातींची वर्णने केली. ती वर्णने त्रोटक आहेत आणि त्यांच्या मूळ नमुन्यांपैकी बरेच आज तपासण्याच्या स्थितीत नाहीत. पुढे पश्चिम बंगालमधील वर्धमान विद्यापीठात या कुळावर दीर्घकाळ आणि चिकाटीने काम झाले. कायरोनोमस रामोसस या जातीला १९९२ मध्ये नाव मिळाले ते तेथील अभ्यासकांमुळे, आणि पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात याच जातीच्या अळ्यांच्या उष्णता व किरणोत्सर्ग सोसण्याच्या क्षमतेवर नंतर संशोधन झाले. जात पक्की ठाऊक असली की तिच्यावर केलेले पुढचे संशोधन जगात कोठेही ताडून पाहता येते. नाव संशयास्पद असेल, तर उत्तम प्रयोगही अधांतरी राहतो.

आपल्या मंडळाला करता येण्यासारखे सर्वांत उपयुक्त काम बारकोडच्या आधीचे आहे. तळ्यातील अळ्या एकेक करून छोट्या बाटल्यांत, तळ्याच्याच पाण्यात आणि थोड्या गाळात वाढवाव्यात आणि बाटलीच्या तोंडाला मलमलीचे कापड बांधावे. प्रौढ बाहेर पडला की तो, त्याच्या कोषाची पाण्यावर तरंगणारी कात आणि तळाशी पडलेली अळीची कात, अशा तिन्ही गोष्टी एकाच क्रमांकाने इथेनॉलमध्ये ठेवाव्यात. अशा एका संचातून नर, कोष आणि अळी यांची लक्षणे एकमेकांशी कायमची जोडली जातात आणि नराच्या एका पायावरून काढलेला बारकोड तिन्ही अवस्थांना लागू होतो. मादी निघाली तर टाकून देऊ नये. पूर्वी ओळखता येत नाहीत म्हणून माद्या बाजूला ठेवल्या जात, परंतु बारकोडने त्यांची गाठ नराशी घालता येते आणि काही वेळा एखादी जात त्या ठिकाणी आहे हे केवळ मादीमुळेच कळते. कोषांच्या रित्या कातींतूनही डीएनए मिळवता येतो, पण यशाचे प्रमाण कमी असते, त्यामुळे प्रौढ हाती असताना कातीवर प्रयोग करू नये.

नमुने वाचून घेण्यासाठी परदेशी प्रयोगशाळेकडे पाठवायचे असतील, तर २००२ च्या जैविक विविधता कायद्याखाली राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम लागू होतात, ते आधी पाहून घ्यावेत. देशातील प्रयोगशाळेत काम होणार असेल तरी करार करतानाच दोन गोष्टी लेखी घ्याव्यात : उरलेले शरीर काचपट्टीवर बसवून क्रमांकासह परत मिळेल, आणि क्रमासोबत नमुन्याचे छायाचित्र व ठिकाण संदर्भकोशात नोंदवले जाईल. काचपट्ट्या मंडळाच्या कपाटात ठेवण्याऐवजी एखाद्या विद्यापीठाच्या किंवा भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या संग्रहात जमा कराव्यात. दहा वर्षांनी कोणी त्या गटाचा नर नीट तपासून त्याला नाव दिले, तर आपल्या तळ्यातील नोंदीलाही त्याच दिवशी नाव मिळेल.